नव्या प्रोटोकॉलचा ड्राफ्ट तपासायचा कसा? टीएलएस १.३ च्या अनुभवावरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत तीन-चार वर्षं काम केलेल्या एका डेव्हलपरला मॅनेजरने एका प्रोटोकॉलच्या (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांच्या) नव्या आवृत्तीचा दीडशे पानांचा ड्राफ्ट पाठवलाय आणि ‘आपल्या बाजूने रिव्ह्यू करून दे’ असं सांगितलंय. सुरुवात कुठून करायची, क्रिप्टोग्राफी (माहिती कुलूपबंद करण्याचं गणित) फारशी येत नसताना आपल्या शेऱ्यांना कोण विचारणार, आणि शेरे लिहायचे कसे, हे तिने विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ती धाकधूक मनात असली की वाचन नीट होत नाही. शेऱ्याला किंमत असते आणि ती देणाऱ्याच्या हुद्द्यावर ठरत नाही. इंटरनेटचे बहुतेक प्रोटोकॉल ज्या आयईटीएफ या संस्थेत ठरतात तिथे सभासदत्व नाही, वर्गणी नाही, मतदानही नाही. ढोबळ सहमती आणि चालता कोड यांवरच आमचा भरवसा, असं इंटरनेटच्या जडणघडणीतले एक जुने जाणकार डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये सांगितलं होतं. बहुसंख्य लोकांनी मान डोलावली आणि एकानेच खरी तांत्रिक अडचण दाखवली, तरी तिचा विचार झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे २०१४ च्या आरएफसी ७२८२ मध्ये (आरएफसी म्हणजे आयईटीएफचा प्रसिद्ध झालेला क्रमांकित दस्तऐवज) सविस्तर लिहून ठेवलंय. तेव्हा ‘मी कोण सांगणारी’ हा विचार बाजूला ठेवा. अडचण खरी आहे का, एवढंच बघा.

उदाहरण म्हणून टीएलएस १.३ घेतो, कारण लोड बॅलन्सरवरचं (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रावरचं) टीएलएस हेच माझं रोजचं काम. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद करणारा हा प्रोटोकॉल. १.२ आवृत्ती ऑगस्ट २००८ मध्ये आली, १.३ ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ म्हणून. त्यापूर्वी चार वर्षं काम चाललं आणि शेवटचा ड्राफ्ट २८ क्रमांकाचा होता. एवढे ड्राफ्ट का लागले, याचं अर्धं उत्तर क्रिप्टोग्राफीच्या बाहेर आहे आणि तुम्हाला उपयोगी पडेल ते त्या अर्ध्यातच आहे.

ड्राफ्ट हातात आला की पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. प्रस्तावना लेखकांनी मन लावून लिहिलेली असते. ती वाचली की सगळं पटायला लागतं आणि तपासणाऱ्याची नजर बोथट होते. आधी एकच गोष्ट शोधा: नवी आवृत्ती जुनीसोबत कशी नांदणार? ज्या दिवशी तुम्ही नवी आवृत्ती चालू कराल, त्या दिवशी समोरचा जवळजवळ नक्की जुना असणार आहे. तो अर्धवट लिहिलेला असू शकतो, कोणी मुद्दाम बिघडवलेलाही असू शकतो. नव्याची खरी परीक्षा तिथे होते.

टीएलएसमध्ये हे कसं घडलं ते बघा. १.२ पर्यंतचा नियम सोपा होता. क्लायंटने पहिल्या संदेशात आपल्याला येणारी सर्वांत वरची आवृत्ती सांगायची, सर्व्हरने तिच्याइतकी किंवा तिच्याखालची आपल्याला जमेल ती निवडायची. कागदावर यात काही खोट नाही. पण प्रत्यक्षात अनेक सर्व्हर अनोळखी आकडा दिसला की खालची आवृत्ती निवडण्याऐवजी सरळ कनेक्शन तोडत. मग ब्राउझरांनी जुगाड केला: कनेक्शन तुटलं की एक पायरी खाली उतरून पुन्हा प्रयत्न करायचा. वापरणाऱ्याला काही कळायचं नाही, पान उघडायचं. या जुगाडाचा फायदा ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या पूडल हल्ल्याने घेतला. वाटेत बसलेल्या हल्लेखोराने मुद्दाम कनेक्शन तोडत राहायचं आणि ब्राउझरला ढकलत ढकलत एसएसएल ३.० पर्यंत खाली आणायचं. एसएसएल हे टीएलएसचं आधीचं नाव; ३.० ही १९९६ ची आवृत्ती, तिच्यातली कमजोरी तोवर उघडी पडलेली. मूळ नियम बरोबर, ब्राउझरांचा हेतू चांगला, आणि परिणाम हा.

म्हणून १.३ च्या लेखकांनी आवृत्तीचा जुना रकाना गोठवून टाकला. आजही तुम्ही पॅकेट पकडून पहिला संदेश उघडलात, तर आवृत्तीच्या जागी ०३ ०३ असे दोन बाइट दिसतात, म्हणजे टीएलएस १.२. खरी यादी पुढे ४३ क्रमांकाच्या एक्स्टेन्शनमध्ये (संदेशाला जोडलेल्या जादा रकान्यात) असते. तिथे ०३ ०४ सापडतं. (टीएलएस १.० ला ०३ ०१ का, असं नवीन लोक विचारतात. तो एसएसएल ३.० चा पुढचा आकडा आहे. नाव बदललं, मोजणी तीच राहिली.) या रचनेवर ‘हे कुरूप आहे’ असा शेरा सहज देता येतो, आणि आहेच ते कुरूप. पण जुन्या सर्व्हरांचं वागणं माहीत असलेला माणूस तो शेरा देत नाही. तो विचारतो, नव्या यादीतही अनोळखी आकडा दिसल्यावर सर्व्हर तसाच बिथरला तर काय? या प्रश्नाला मिळालेलं उत्तर म्हणजे ग्रीस नावाची युक्ती, जानेवारी २०२० ची आरएफसी ८७०१. क्लायंटने यादीत अधूनमधून मुद्दाम निरर्थक आकडे टाकायचे. ज्याला अनोळखी आकडा दुर्लक्षून पुढे जाता येत नाही, तो बाजारात येण्याआधीच उघडा पडतो.

ड्राफ्ट तपासताना हे पक्कं धरा: वाढीसाठी ठेवलेली जागा कोणी वापरलीच नाही, तर ती गंजते. ‘भविष्यासाठी राखीव’ असं जिथे दिसेल तिथे थांबून विचारा की आज तिथे काही आलं तर समोरच्याने काय करायचंय, आणि तो तसं करतो की नाही हे आज कोण तपासणार.

सर्व्हरांचं निभावलं, पण वाटेत बसलेल्या यंत्रांचं काय? फायरवॉल, प्रॉक्सी (दोघांच्या मध्ये राहून बोलणं पुढे पोचवणारं यंत्र), कार्यालयातली वाहतूक तपासणारी पेटी. यांना संभाषणात बोलावलेलं नसतं, तरी ती ऐकत असतात, आणि ऐकलेलं ओळखीचं वाटलं नाही की कापतात. २०१७ मध्ये ब्राउझरांनी ड्राफ्ट आवृत्त्या प्रत्यक्ष वापरून बघितल्या तेव्हा हे ठळकपणे समोर आलं. नोव्हेंबर २०१७ च्या २२ व्या ड्राफ्टमध्ये त्यावर उपाय आला: १.३ चा हँडशेक (सुरुवातीला किल्ल्या ठरवण्याची देवाणघेवाण) वरवर १.२ च्या जुन्या सेशनची उजळणी वाटेल असा सजवायचा. क्लायंट ३२ बाइटचा निरर्थक सेशन आयडी पाठवतो, सर्व्हर तो जसाच्या तसा परत करतो, आणि १.३ मध्ये ज्याला काहीही काम उरलेलं नाही असा चेंजसायफरस्पेक हा एका बाइटचा संदेश मध्ये टाकला जातो. हा सगळा देखावा त्या पेट्यांसाठी. आमच्या एका ग्राहकाच्या कार्यालयात १.३ चालू केल्यावर ठरावीक मजल्यावरच्याच लोकांना पानं उघडेनात, तेव्हा दोष सर्व्हरमध्ये शोधण्यात सगळ्यांनी वेळ घालवला. त्या मजल्याची वाहतूक एका जुन्या तपासणी पेटीतून जात होती.

आणखी एक बारीक गोष्ट. १.३ येत असलेल्या सर्व्हरला कोणी १.२ वर उतरवलं, तर त्याने आपल्या ३२ बाइटच्या रँडम आकड्याच्या शेवटच्या आठ बाइटमध्ये ठरलेली खूण ठेवायची असते: डी-ओ-डब्ल्यू-एन-जी-आर-डी ही सात अक्षरं आणि शेवटी ०१. क्लायंटला १.३ येत असेल आणि ही खूण दिसली, तर मध्ये कोणीतरी लबाडी केलीय हे त्याला कळतं. युक्ती छान आहे. पण काही प्रॉक्सी दोन बाजूंची दोन वेगळी कनेक्शनं सांभाळताना मूळ सर्व्हरचा रँडम आकडा उचलून पुढे चिकटवत होत्या. परिणामी हल्ला नसताना हल्ल्याची खूण दिसू लागली आणि ती तपासणी सक्तीची करायला ब्राउझरांना वेळ लागला. रँडम आकडा प्रत्येकाने स्वतः तयार करायचा असतो हे प्रॉक्सी लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं का? असेलही. पण तसं न केल्याने आजवर काही बिघडलं नव्हतं, मग कोण लक्ष देतो.

आता वाचण्याच्या पद्धतीकडे वळतो. जुन्या आणि नव्या मजकुरातला फरक दाखवणारी साधनं आहेत, ती जरूर वापरा, पण तेवढ्यावर थांबू नका. सातबारा बघणारा जाणकार माणूस मालकाचं नाव वाचून समाधान मानत नाही, ‘इतर हक्क’चा रकाना बघतो, बोजा तिथे असतो. ड्राफ्टमध्ये तो रकाना म्हणजे न बदललेली वाक्यं. आजूबाजूचं सगळं बदललंय आणि एक वाक्य जुन्या आवृत्तीतून जसंच्या तसं आलंय, तर ते अजून खरं आहे का? ते ज्या गृहीतकावर उभं होतं ते शिल्लक आहे का? लेखक ही वाक्यं वाचत नाहीत, कारण ती त्यांना पाठ असतात.

काही वेळा नवी आवृत्ती म्हणजे फक्त जुन्याची स्वच्छ प्रत असते. टीसीपीचा मूळ दस्तऐवज सप्टेंबर १९८१ चा, आरएफसी ७९३. त्यावरच्या चार दशकांच्या दुरुस्त्या एकत्र करून ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ आली. अशा ठिकाणी तपासणाऱ्याचं काम उलटं असतं: स्वच्छ करण्याच्या नादात चुकून काही बदललं तर नाही ना, एवढंच.

मग वाक्यं वाचा, एकेक. आरएफसीमध्ये मोठ्या अक्षरांतले मस्ट (केलंच पाहिजे), शुड (करावं) आणि मे (केलं तरी चालेल) यांना ठरलेला अर्थ आहे. तो मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ ने दिला. लहान अक्षरांत लिहिले तर ते साधे इंग्रजी शब्द, हे मे २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केलं. प्रत्येक मस्टला दोन प्रश्न विचारा: हे पाळलं नाही तर समोरच्याला कळेल का, आणि कळलं तर त्याने काय करायचं? टीएलएस १.३ मधला एक चांगला नमुना बघा. आधीच्या सेशनची किल्ली पुन्हा वापरण्यासाठीचं एक्स्टेन्शन क्लायंटच्या पहिल्या संदेशात सर्वांत शेवटी असलंच पाहिजे, असं कलम ४.२.११ सांगतं. एवढ्यावर न थांबता ते पुढे म्हणतं की सर्व्हरने ते शेवटी आहे हे तपासलंच पाहिजे, आणि नसेल तर ‘इल्लीगल पॅरामीटर’ हा अलर्ट देऊन हँडशेक थांबवला पाहिजे. हा हट्ट का, तर त्या एक्स्टेन्शनमधला पडताळणीचा आकडा, ज्याला बाइंडर म्हणतात, तो त्याच्या आधीच्या मजकुरावरून काढलेला असतो. नंतर काही आलं, तर ते त्या हिशेबात येणारच नाही.

उलटं उदाहरण एचटीटीपीचं. संदेशाची लांबी दोन तऱ्हांनी सांगता येते: कंटेंट-लेन्थने, किंवा ट्रान्सफर-एन्कोडिंगने तुकड्यातुकड्यांत. एकाच विनंतीत दोन्ही आले तर? १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये नियम होता की कंटेंट-लेन्थकडे दुर्लक्ष करा. पण समोरची प्रॉक्सी एक मानते आणि मागचा सर्व्हर दुसरं, अशी जोडी जमली की एका विनंतीच्या पोटात दुसरी लपवून नेता येते. २००५ पासून रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणून ओळखला जाणारा हा हल्ला अजूनही सापडतो. २०२२ च्या आरएफसी ९११२ मध्ये नियम कडक झालाय: सर्व्हरने अशी विनंती नाकारली तरी चालेल, स्वीकारली तर ट्रान्सफर-एन्कोडिंगच धरायचं, आणि काहीही केलं तरी उत्तर देऊन कनेक्शन बंद करायचं. म्हणून दोन रकाने एकच गोष्ट सांगताना दिसले की लगेच विचारा, दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर कोणाचं खरं? या प्रश्नाला क्रिप्टोग्राफी लागत नाही. पार्सर, म्हणजे आलेला संदेश वाचून त्याचे भाग वेगळे करणारा कोड, लिहिलेला असला की पुरतं.

स्वतःच्या कामाच्या अनुभवातून दिलेला शेरा किती पुढे जाऊ शकतो, हे बघायचं असेल तर टीएलएस १.३ मधल्या झीरो-आरटीटीचा इतिहास बघा. ओळखीच्या सर्व्हरकडे परत जाताना क्लायंटने हँडशेकची वाट न बघता पहिल्याच फेरीत विनंती पाठवायची, ही ती सोय. एक फेरी वाचते; मोबाइलवर ते चांगलंच जाणवतं. अडचण अशी की तीच पाकिटं कोणी नोंदवून पुन्हा पाठवली, तर सर्व्हर तीच विनंती पुन्हा चालवू शकतो. ‘रीप्ले होऊ शकतो’ हे सगळ्यांनाच माहीत होतं. मे २०१७ मध्ये कोल्म मॅकार्थी यांनी, जे तेव्हा अॅमेझॉनमध्ये होते, झीरो-आरटीटीचा स्वतंत्र सुरक्षा आढावा मांडला. ते धोक्याच्या सूचनेवर थांबले नाहीत. असंख्य सर्व्हर, अनेक डेटा सेंटर, कॅशे (उत्तरं पुन्हा देण्यासाठी जवळ साठवणारी यंत्रं) आणि मागणीवर लावलेल्या मर्यादा असलेल्या खऱ्या व्यवस्थेत रीप्ले नेमका कुठे आणि कसा चावतो, ते त्यांनी दाखवलं. त्याच जुलैतल्या २१ व्या ड्राफ्टमध्ये रीप्लेवर सविस्तर चर्चा आली आणि अंमलबजावणी करणाऱ्यांनी काहीतरी रीप्ले-विरोधी उपाय ठेवावा अशी शिफारसही. आज आरएफसी ८४४६ चं आठवं कलम उघडा. हल्लेखोर नोंदवलेली विनंती दुसऱ्या कॅशेकडे पाठवतो, मग स्वतःची विनंती पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजतो, आणि कुलूपबंद विनंतीत काय मागितलं होतं याचा अंदाज बांधतो, असा प्रसंग तिथे लिहिलेला आहे. एक ओळही उलगडली नाही, तरी माहिती फुटली. हे सुचायला गणितापेक्षा कॅशे चालवण्याचा अनुभव जास्त लागतो. एचटीटीपीच्या बाजूने सप्टेंबर २०१८ मध्ये आरएफसी ८४७० आली. त्यात ४२५ हा स्टेटस आहे: ‘एवढ्या लवकर नको, हँडशेक पूर्ण करून परत ये.’

क्रिप्टोग्राफी येत नाही म्हणून मागे राहू नका, याला आणखी एक कारण आहे. टीएलएस १.३ इतकी औपचारिक, म्हणजे गणिती सिद्धतेने केलेली, तपासणी त्याआधी क्वचितच कुठल्या इंटरनेट प्रोटोकॉलची प्रकाशनापूर्वी झाली असेल. टॅमरिन आणि प्रोव्हेरिफ या साधनांनी संशोधकांनी ड्राफ्ट पिंजून काढले. टॅमरिन वापरणाऱ्या गटाला ड्राफ्टच्या टप्प्यावर क्लायंटच्या ओळखपडताळणीत खरी फट सापडली आणि ती बुजवली गेली. तरीही २०१९ मध्ये ड्रकर आणि गेरॉन या दोघांनी ‘सेल्फी’ हल्ला दाखवला. दोन यंत्रांनी आधीच बाहेरून ठरवलेली एकच किल्ली वापरायची ठरवली आणि दोघंही कधी क्लायंट, कधी सर्व्हर होत असतील, तर हल्लेखोर एकाचा संदेश त्यालाच परत पाठवतो. ते यंत्र स्वतःशीच हँडशेक पूर्ण करतं आणि समजतं की पलीकडच्याशी बोलतोय. सिद्धता चुकीच्या नव्हत्या. ‘एकच यंत्र दोन्ही भूमिका करेल’ ही शक्यता त्यांच्या हिशेबात नव्हती. राउटर किंवा आयओटीची साधनं जोडणाऱ्याला मात्र अशी मांडणी अगदी परिचयाची. जुलै २०२२ च्या आरएफसी ९२५७ मध्ये बाहेरून ठरवलेल्या किल्ल्या कशा वापराव्यात याचं मार्गदर्शन आलं. म्हणून ड्राफ्ट वाचताना शेजारी एक कागद ठेवा आणि त्यावर तुमच्या ग्राहकांकडच्या चार-पाच खऱ्या मांडण्या काढा. प्रत्येक कलम त्या मांडण्यांवर चालवून बघा.

जमलं तर एक संदेश निवडा आणि जुना कोड न उघडता फक्त ड्राफ्टवरून त्याचा पार्सर लिहा. जिथे तुम्हाला अंदाज करावा लागला, ती जागा म्हणजे शेरा.

शेरा लिहिताना कलमाचा क्रमांक, वाक्य, दोन अंमलबजावण्या त्याचा वेगळा अर्थ कसा लावतील, त्याने काय मोडेल आणि सुचवलेला मजकूर, एवढं असावं. वरच्या कलम ४.२.११ मध्ये समजा ‘सर्व्हरने तपासलंच पाहिजे’ हे वाक्य नसतं. ‘हे कलम संदिग्ध आहे’ असं लिहून भागत नाही. असं लिहा: ‘कलम ४.२.११ नुसार हे एक्स्टेन्शन शेवटी असावं, पण नसेल तर सर्व्हरने काय करायचं ते दिलेलं नाही. क्रम न बघणारा सर्व्हर पुढे जाईल, क्रम बघणारा कनेक्शन तोडेल. पहिल्या प्रकारात नंतर आलेली एक्स्टेन्शनं बाइंडरमध्ये धरली जात नाहीत. सर्व्हरने क्रम तपासावा आणि चुकल्यास अलर्ट द्यावा, असं जोडावं.’ याला लेखकाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. शुद्धलेखनाच्या आणि स्वल्पविरामाच्या दुरुस्त्या वेगळ्या पाठवा. त्या गर्दीत खरा मुद्दा हरवतो.

वेळ मात्र सांभाळा. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बँकांच्या एका गटाने विनंती केली की आरएसए या कूटपद्धतीने किल्ली पाठवण्याची जुनी पद्धत राहू द्या, आमच्या डेटा सेंटरमध्ये वाहतूक तपासायची व्यवस्था तिच्यावरच चालते. अडचण खरी होती. पण ती पद्धत काढायचा निर्णय दोन वर्षं जुना झाला होता, आणि तिच्यात नोंदवून ठेवलेली वाहतूक पुढे कधीही उलगडता येते, हेच ती काढण्याचं मुख्य कारण होतं. विनंती मान्य झाली नाही.

तुमचा ड्राफ्ट अजून वर्किंग ग्रुपमध्येच (तो लिहिणाऱ्या आयईटीएफच्या गटात) असेल तर रचनेवर बोलायला वाव आहे. आयईटीएफ लास्ट कॉलला, म्हणजे मंजुरीआधी सर्वांकडून शेवटचे शेरे मागवण्याच्या टप्प्याला, गेला असेल तर बहुधा दोनच आठवडे मिळतात. मग प्रस्तावना आणि गणित सोडा. आवृत्ती ठरवण्याचं कलम, चुका हाताळण्याची कलमं आणि सुरक्षेचं प्रकरण एवढंच वाचा. आणि प्रत्येक शेऱ्यात ड्राफ्टचा क्रमांक लिहा, कारण तो वाचला जाईपर्यंत बऱ्याचदा पुढचा ड्राफ्ट आलेला असतो.